तीन बांध पुढे

आमच्या घरात पोरांची वयं इयत्तेवरून मोजत नसत, गळाच्या दोऱ्यावरून मोजत. काठीइतकाच दोरा मिळाला म्हणजे ते पोर अजून लहान. डबा हातात आला की मधल्या फळीत. आणि काकांनी रिळाला हात लावू दिला की मिसरूड फुटलं असं समजायचं, मग मिसरूड असो वा नसो. आम्ही चुलत-आते मिळून अकरा भावंडं. त्यात चार बहिणी. हा हिशेब त्यांनाही लागू होता, कारण या विद्येची घरातली खरी मालकीण आमची आत्याच होती.

घर मुरबाड तालुक्यात, सरळगावहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. मागे भाताची खाचरं आणि त्यापलीकडे काळू नदी. माळशेजच्या डोंगरातून उतरून पुढे टिटवाळ्यावरून उल्हासला मिळणारी ही नदी पावसाळ्यात अंगावर येते आणि मे महिन्यात नुसती डोहांची माळ उरते. आमचं शिक्षण या डोहांवर झालं. आज्याची काठी मेसाची. वद्य पक्षात तोडलेली, म्हणजे भुंगा लागत नाही. तोडली की चुलीच्या आरावर फिरवत फिरवत सरळ करायची, मग गोठ्याच्या आढ्याला वजन बांधून टांगून ठेवायची. दोऱ्याची लांबी काठीएवढीच. तरंगायला मोरपिसाचा पांढरा दांडा, बोटभर लांब. गांडुळं करवंटीत, ओल्या मातीत. गळ म्हशाच्या जत्रेतून आणलेले. पौष पौर्णिमेला सगळा तालुका बैल आणि घोंगड्या बघायला म्हशाला जायचा, आमचा आजा कागदात गुंडाळलेले डझनभर गळ घेऊन परत यायचा आणि आजी घोंगडी कुठे म्हणून विचारायची.

त्या काठीने फेकणं असं नव्हतंच. डाव्या हाताच्या चिमटीत गळ धरायचा, काठी किंचित वाकवायची आणि चिमूट सोडायची. काठीच तो पुढे नेऊन ठेवायची, पाणी वाजूसुद्धा न देता. लागायचे ते मळे, शिवडे, खवळ, कधी खडकाच्या कपारीतली वाम. ओंजळभर मासे आणि टोपभर कालवण. आज्याला त्याहून मोठ्या माशाची हाव नव्हती. देहरीच्या बाजूला गोरखगडाशेजारी मच्छिंद्रगडाचा सुळका आहे. तो दाखवून आजा म्हणायचा, माशाच्या पोटी जन्मलेला नाथ तिथून बघतोय, पोटापुरतंच धरा.

आत्या शहापूरकडे दिली. तिचं सासर भातसा धरणाच्या मागच्या पाण्याला लागून. लग्न झालं तेव्हा भिंतीचं काम चालूच होतं. मग साधारण 88 मीटर उंचीची ती भिंत पुरी झाली, पाणी चढलं, आणि तिच्या सासरची खालची खाचरं त्यात गेली. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. मामांच्या तोंडी त्या खाचरांची नावं शेवटपर्यंत होती. घराकडून खाली उतरत गेलं की आधी लांबट, मग पाट्याचं, मग जांभळीचं, आणि सगळ्यात खाली विहिरीचं. आता तिथे पिशे-पांजरापूरमार्गे मुंबईला जाणारं पाणी होतं. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं या एका धरणाचं, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पण हे कळण्याइतके आम्ही तेव्हा मोठे नव्हतो. आम्हाला एवढंच कळलं की आत्याकडे आता समुद्र आला आहे.

त्या समुद्राने आज्याची काठी एका दिवसात निकामी केली. मोरपीस काठापासून दहा हातांवर नुसतं डुलत राहायचं. दिवसा काठावर म्हशी, धुणं, आमची डुंबणी; मोठा मासा तिथे फिरकायचाच नाही. मामा ओट्यावर बसून पाण्याकडे बोट दाखवत. “तिथं काय गाळ हाय नुसता. मासा बांधाला असतो. बांधाच्या पल्याड खोल, अल्याड उथळ, तो कडेकडेनं चरतो. जांभळीच्या खुंटाला तर ठरलेला.” पाणी भरण्याआधी झाडं तोडली होती, पण खुंट तसेच होते. म्हणजे मामांना बुडालेल्या शेताचा नकाशा पाठ होता आणि मासे त्यांच्याच बांधांवर राहायला आले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात अंतर मोजायचं माप ठरलं. पावलं नाहीत, फूट नाहीत. किती बांध?

दिवाळीच्या सुमाराला पाणी लांबटाच्या वरच्या कडेला असायचं. तिथून पहिला बांध वीसेक पावलांवर, दुसरा चाळिसाच्या पुढे, आणि जांभळीच्या खुंटाचा तिसरा सत्तरच्या आसपास. तिसऱ्यापलीकडे विहिरीचं.

इथे डबा आला. डालड्याचा, दोन किलोचा, पिवळा, हिरव्या झाडाच्या चित्राचा. त्या वेळी असा डबा प्रत्येक घरात होता आणि त्यात तुळशीपासून रॉकेलपर्यंत काहीही असे. आमच्या डब्याला बाहेरून तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला असे. रीत अशी: डावा हात डब्याच्या तोंडातून आत घालायचा, बूड पाण्याकडे करायचं. उजव्या हाताने शिसं वावभर दोऱ्यावर लोंबतं ठेवून फिरवायचं आणि सोडायचं. डबा फिरत नाही. दोरा बुडाच्या कडेवरून वेटोळ्यावेटोळ्याने आपला आपण निसटत जातो. मग तो ओढून आणायचा तो हाताने गुंडाळत, ओल्या तंगुसाने बोटांच्या पेरांना चिरा पडत.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी एका महागड्या रिळाची चकरी हातात घेऊन बघत होतो, तेव्हा हसू आलं. तोच डबा. इंग्रजांच्या कार्प पकडणाऱ्या मंडळींचं रीळसुद्धा असंच असतं: फेकताना चकरी जागेवर, दोरा तिच्या ओठावरून सुटतो. त्यांची पुस्तकं सांगतात की चकरी ओठाच्या एक-दोन मिलिमीटर खालपर्यंत दोऱ्याने भरलेली हवी, नाहीतर दोरा ओठाला घासतो आणि फेक मरते. हे आम्हाला आत्याने डब्यावर शिकवलं होतं. डब्याच्या बुडाला दुमडलेली कड असते. दोरा त्या कडेच्या बरोबरीला आला नसला की तो कडेवर अडखळायचा, आणि शिसं दुसऱ्या बांधाशीच डुबकन बसायचं. म्हणून आत दोन फेरे जुन्या सुतळीचे, मग तंगूस. कड कानशीने घासलेली, वर मेणबत्ती फिरवलेली.

आत्या लांब टाकायची हे पहिल्यांदा कोणालाच पटलं नव्हतं. मामांचे भाऊ, आमचे काका, आम्ही पोरं, सगळे झटून टाकायचो आणि दुसऱ्या बांधाच्या आगेमागे पडायचो. ती भांडी घासून हात पुसत यायची, डबा घ्यायची, नऊवारीचा ओचा खोचायची आणि एकदाच फिरवून सोडायची. दोरा सर्र सर्र जातच राहायचा. काकांनी एकदा वैतागून विचारलं, एवढं बळ आणतेस कुठून? ती म्हणाली, “गोफणीला बळ नाय लागत रे, येळ लागते.”

लग्नाआधी ती आमच्या शेतावर राखण करायची. भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत माळ्यावर बसून पाखरं हाकायची. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. दगड गरगर फिरतो तेव्हा ताकद त्यात आधीच भरलेली असते. माणसाने करायचं एवढंच, चिमूट नेमक्या क्षणी सोडायची. क्षणभर आधी सोडली तर दगड आभाळात, क्षणभर उशिरा तर पायाशी. आत्याने हजारो वेळा ती चिमूट सोडली होती. आम्ही खांद्यातून फेकत होतो, ती बोटांतून सोडत होती.

तिचं शिसंही वेगळं. आम्ही पोरं नट-बोल्ट बांधायचो. काका मुरबाडच्या गॅरेजमधून मोटरसायकलचे जळके स्पार्क प्लग आणायचे. आत्याकडे नवटाकाचं पितळी वजन होतं, वर मुंडी असलेलं. तिच्या सासऱ्यांचं एकेकाळी छोटं दुकान होतं. किलो-ग्रॅम आल्यावर शेर-पावशेर अडगळीत पडले आणि त्यातलं नवटाक हिने उचललं. मुंडीखाली दोरा असा बसायचा की जणू त्यासाठीच ते घडवलं होतं.

पाण्यातला मासा कोणता, हेही सांगायला हवं. आज्याचे मळे-खवळ या नदीचेच. पण कटला, रोहू, मृगळ ही मूळची गंगेकडची मंडळी. आपल्या पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांत ती नव्हती. धरणं झाली आणि बीज सोडायला लागले. 1957 साली ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं, तेव्हापासून बिजासाठी पुराच्या नदीवर जाळी लावून बसायची गरज उरली नाही. 10 जुलै हा त्या प्रयोगाचा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. सायप्रिनस तर आणखी लांबचा. त्याचं एक वाण 1939 साली श्रीलंकेतून निलगिरीत आलं, दुसरं 1957 मध्ये बँकॉकहून. साहेब ज्याला कार्प म्हणून रात्र-रात्र तंबूत बसतो तो हाच, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असलेला. आमच्या मामांनी त्याचं नाव ‘सिपरनीस’ केलं होतं आणि मिशा बघून त्याला फौजदार म्हणायचे.

या माशांची तोंडं बघितली की आमिष कुठे ठेवायचं ते आपोआप कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यातलं बारीक खाणारा. रोहू मधला. मृगळ आणि फौजदार तळ उकरणारे. तळाला शिसं टाकून बसलात तर मृगळ लागणार, कटल्याला गळ तळापासून वर उचलून धरावा लागतो. आमच्याकडे हे काम चपलेच्या रबराचा तुकडा करायचा. झिजलेल्या स्लीपरचा सुपारीएवढा गोल कापायचा, गळाजवळ ओवायचा, की गोळी वर तरंगते.

गोळीवरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी वाटणीवरून झाली नाहीत. भाजलेल्या चण्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, कोंडा, थोडा गूळ, आणि चिकटपणाला कणीक. आजी कणीक द्यायला तयार नसे. गहू आमच्याकडे विकतचा, भाकरी तांदळाची. पेंड आदल्या दिवशी भिजवायची, ती आंबली की वास घरभर. काका म्हणायचे आंबट वासाने मासा येतो. मामा म्हणायचे गोड. आत्या म्हणायची, आधी ती गोळी फेकताना गळावर टिकू द्या, मग बघा मासा काय म्हणतो ते. ती बरोबर होती. लांब फेकीत पहिला धक्का गोळीला बसतो. गोळी सैल असली की गळ रिकामा जाऊन तिसऱ्या बांधावर बसतो, आणि वर आपण तासभर आशेने.

या विषयावर आपल्याकडे राजांनीही डोकं चालवलेलं आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून स्वतंत्र भाग आहे. कोणते मासे, त्यांना काय खाऊ घालावं, दोरी कशी असावी, सगळं सांगितलंय. राजाच्या पदरी पेंड भिजवायला माणसं असणार. आमच्या घरी ते काम सर्वांत धाकट्याकडे, म्हणजे माझ्याकडे.

1988 च्या गणपतीत काकांनी मुंबईहून, मशीद बंदरच्या गल्लीतून, रीळ आणलं. बरोबर फायबरची दोन तुकड्यांची काठी, सात फुटी. काका कल्याणला नोकरीला, त्यामुळे घरातले नवे शोध लोकलने यायचे. रिळाला तारेची कमान होती. ती उघडायची, दोरा तर्जनीच्या पेरावर घ्यायचा, फेकायचं आणि बोट सरळ करायचं. ऐकायला सोपं. भाद्रपदाचा पाऊस ओसरेपर्यंत काका अंगणात रिकामा प्लग बांधून सराव करत होते. त्यातल्या एका फेकीत बोट लवकर सुटलं. प्लग सरळ वर गेला. अंगणातले सगळे मान वर करून उभे. मग गोठ्यावर ‘फट्’ असा आवाज झाला आणि कौलाचा तुकडा गाईच्या पाठीवर पडला. आजीने काठीकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि कणकेचा डबा कुलपात ठेवला.

त्या दिवाळीला भातसावर काकांनी रिळाने टाकलेलं आम्हाला आभाळाएवढं लांब वाटलं. “शंभर पावलं,” काका म्हणाले. आत्या काही बोलली नाही. त्याच संध्याकाळी तिचं नवटाक कुठेतरी अडकलं आणि दोरा तुटला. तिला फार लागलं. दोरा जाऊ दे, वजन सासऱ्यांचं होतं.

मे महिन्यात पाणी उतरलं. हे बघायला हवं असतं. धरणाच्या कडेने गाळ सुकत जातो, त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगांतून बुडालेलं शेत वर येतं. आधी लांबटाचा बांध, मग पाट्याचं, मग जांभळीचं. बांध झिजलेले, पण जागेवर. मामा सकाळी उठून तिथे फिरायचे, कुठे पाणी तुंबेल, कुठला दगड सरकलाय, हे बघत. दोन महिन्यांनी ते पुन्हा बुडणार हे काय त्यांना माहीत नव्हतं? त्यांच्या मागून आम्ही अकराजण पिशवी घेऊन, वर्षभर हरवलेलं लोखंड गोळा करत. ते आमच्या घराण्याचं वार्षिक मोजमाप. पाण्यावर कोणी काहीही सांगू शकतो. मे महिन्यात प्लग जिथे पडला तिथेच असतो.

त्या वर्षी सतरा प्लग आणि नट सापडले. काकांचा सगळ्यात लांबचा प्लग तिसऱ्या बांधाच्या अलीकडे. बहिणींनी पावलं मोजली: अडुसष्ट. काका म्हणाले पाण्यात शिसं मागे सरकतं. जांभळीचा खुंट गळांनी भरला होता, देवाला नवस बोलल्यासारखा; सालीत गंजलेले सगळ्यांचे गळ. आणि खुंटाच्या पलीकडे, विहिरीच्या खाचरात सात-आठ पावलं आत, गाळातून पितळेची मुंडी वर आलेली. आत्याच्या थोरल्या मुलीने ते उपटलं, चिखल पुसला आणि आईच्या हातात दिलं. मामांनी खुंटापासून वजनापर्यंत स्वतः चालून बघितलं. म्हणाले, “विहिरीपर्यंत पोचलीस की.”

त्या पराभवाने काकांचं भलं केलं. बळ सोडून ते बारकाव्यांत शिरले. पहिली गोष्ट दोरा. त्यांनी मासा सुटू नये म्हणून अर्ध्या मिलिमीटरचा जाड तंगूस भरला होता. जाड दोरा चकरीवरून जड सुटतो, वाऱ्यात फुगतो, पाण्यात ओढ घेतो. तो काढून त्यांनी 0.30 मिलिमीटरचा भरला. मग फेकीच्या झटक्यानेच तो तुटायला लागला. एकदा दोरा तुटून मोकळा प्लग गोळीसारखा पाण्यावरून गेला आणि समोरच्या काठाकडे कुठे पडला ते कळलंही नाही. त्या दिवशी मागे-पुढे कोणी उभं राहायचं नाही असा कायदा झाला. उपाय काकांना एका दर्यावर्दी दोस्ताने सांगितला: पुढच्या टोकाला तेवढा जाड दोरा जोडायचा. काठीच्या दुप्पट लांबी, शिवाय रिळावर चार-पाच वेढे. झटका जाड दोरा सोसतो, अंतर बारीक दोरा कापतो. शिशाच्या प्रत्येक औंसामागे दहा पौंडांचा दोरा, हा त्याचा ठोकताळा. गाठ मात्र बारीक हवी, काठीच्या कड्यांतून सळसळत जाणारी. काका ती गाठ दातांनी ओढायचे आणि जिभेने तपासायचे.

दुसरी गोष्ट लोंब. शिसं टोकाला चिकटवून फेकलं तर काठी वाकतच नाही. काठीच्या अर्ध्याएवढं लोंबतं ठेवलं की तीच गोफण होते. तिसरी, डावा हात. सगळे उजव्या हाताने ढकलतात. खरा वेग डाव्या हातात आहे: तो काठीचा बुडखा छातीकडे खाली ओढतो, उजवा फक्त वर वाट दाखवतो. नजर पाण्यावर ठेवायची नाही, समोरच्या झाडाच्या शेंड्यावर ठेवायची. आणि शिसं पाण्याला टेकायच्या क्षणभर आधी चकरीच्या ओठाला बोट लावायचं, म्हणजे दोरा सरळ होतो, गळ शिशाभोवती गुंतत नाही. हे शेवटचं पहिल्या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं आहे आणि शिकवायला सर्वांत अवघड. आमच्यातल्या दोघांना ते आजही जमत नाही. त्यातला एक मी.

पुढच्या मे महिन्यात काकांचा प्लग विहिरीच्या काठावर सापडला. आत्याने त्यांना त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

काठाजवळच्या पाड्यावर एक कातकरी बाबा राहायचे. त्यांना आमचा हा सगळा थाट बघून गंमत वाटायची. रात्री आम्ही तिसऱ्या बांधावर टाकून, काठीच्या टोकाला बैलाच्या घुंगरमाळेतलं एक घुंगरू बांधून बसलेले, आणि ते कंदील न लावता काठाशी गुडघाभर पाण्यात. एकदा ते सहज म्हणाले, “एवढं लांब टाकता, तो तर तुमच्या पायाशी चरतोय.” रात्री म्हशी नसतात, धुणं नसतं, मासा काठाला येतो. त्यांच्या टोपलीत रोज काहीतरी असे. आमच्यापैकी कोणी ते ऐकलं नाही. कारण आम्ही मासे धरायला जात होतो असं आम्हालाच फक्त वाटत होतं.

मोठा मासा असा एकच आठवतो. 1991 ची दिवाळी, भाऊबीजेची रात्र. घुंगरू एकदा वाजलं, मग थांबलं, मग काठीच पुढे सरकली. रिळाची करकर. पाळी माझ्या थोरल्या आतेबहिणीची होती. काका ओरडत होते, ब्रेक ढिला कर. मामा ओरडत होते, खुंटाकडे जाऊ देऊ नको. आत्या फक्त म्हणाली, त्याला पळू दे, थकेल. अर्धा तास गेला. मासा पाण्याच्या वरच्या थराला येऊन एकदा कुशीवर वळला, तेव्हा बॅटरीच्या उजेडात त्याची खवल्यांची पाटी पितळेसारखी दिसली. कटला. आमच्याकडे जाळं नव्हतं, घोंगडीत गुंडाळून वर आणला. भाताच्या वजनकाट्यावर नऊ किलो भरला.

त्याचं डोकं मामांना. पोटाकडचा तुकडा कातकरी बाबांच्या घरी. बाकीचे वाटे शेजारी पाचेक घरांत, आणि उरलेल्याचं कालवण चिंच घालून. खरं सांगायचं तर मोठा कटला चवीला काही फार नसतो, काटे आडवेतिडवे आणि मांस भरड. काळूतल्या बोटभर मळ्यांच्या कालवणाची सर त्याला नाही. आज्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला, “मुंबईच्या पाण्याचा मासा.” ती निंदा होती की कौतुक, ते त्याने सांगितलं नाही.

नंतर सगळे पांगले. शिक्षणं, बदलापूर, डोंबिवली, एक नाशिकला. धरणातल्या मासेमारीचा ठेका झाला, पावती फाडून बसायचं असं ठरलं; त्यात वावगं काही नाही, बीज सोडणाऱ्याचा तो हक्कच. काळूवर धरण बांधायचं ठरलं, काम सुरू झालं, 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. आज्याचे डोह अजून डोहच आहेत. आजा-आजी गेले. मामा 2009 मध्ये गेले, पावसाळ्याच्या तोंडावर, शेत उघडं असताना.

आता आत्याचा नातू या विद्येत शिरला आहे. त्याची काठी 12 फुटी, कार्बनची, करंगळीएवढी बारीक, आणि तिच्यावर लिहिलंय की टोक काटकोनात वाकवायला साडेतीन पौंड लागतात. त्याच्या गळावर आमिष नसतंच. गळ उघडा, आणि त्याच्यामागे केसाएवढ्या दोऱ्यावर गोळी लोंबती. मासा गोळी चोखून घेतो, नको म्हणून थुंकायला जातो आणि उघडा गळ ओठात रुततो. शिसंही तो वापरत नाही, दुसरा धातू वापरतो. इंग्लंडमध्ये राजहंस शिशाने मरू लागले म्हणून 1987 मध्ये छोट्या शिशांवर बंदी आली, हे त्यानेच मला सांगितलं. पकडलेला मासा ओल्या गादीवर ठेवतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. हे आत्याला अजिबात पटलेलं नाही. “मग त्याला त्रास कशाला दिलास?” या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही सातजण जमलो होतो. पाणी लांबटाच्या कडेला, नेहमीसारखं. नातवाने जमिनीत दोन काठ्या रोवल्या, बरोबर बारा फुटांवर, आणि दोरा त्यांच्याभोवती आठाच्या आकड्यासारखा फिरवत मोजू लागला. मग चकरीवरच्या खुटीत अडकवला. म्हणजे दर फेकीला दोरा तेवढाच जाणार, एकाच जागी. आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे बघत होती. वय ऐंशीच्या पुढे, एक डोळा मोतीबिंदूचा झालेला, दुसरा व्हायचा.

त्याने फेकलं. काठी वाकली, सरळ झाली, आणि दोरा जाताना आवाजसुद्धा झाला नाही. खूप वेळाने लांब कुठेतरी पाण्यावर ठिपका उडाला.

“किती रे?” आत्याने विचारलं.

“पंचवीस रॅप, आजी. तीनशे फूट.”

“म्हणजे किती बांध?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं. अंदाज माझाही गेला होता.

“जांभळीच्या अलीकडे का पलीकडे,” आत्या म्हणाली, “एवढं तरी सांग.”